काकीचं प्रेशर

गोव्यातल्या आमच्या साखळीच्या बाजारात ट्रायल म्हटलं की लोकांना शिंपी आठवतो. त्यामुळे आमच्या दवाखान्यात गोळीची ट्रायल सुरू होणार अशी बातमी फुटली, तेव्हा एका गिऱ्हाइकाने, म्हणजे पेशंटने, मला गंभीरपणे विचारलं की गोळी अंगाला बसली नाही तर ती सैल करून मिळेल का. मी हसले. त्यानंतर त्या ट्रायलपायी मला फारसं हसायला मिळालं नाही.

दवाखाना मूळचा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळी साखळी दोतोर म्हणते, मला डॉक्टरबाय. अर्थ एकच, वजन वेगळं. दोतोर सांगतात ते औषध असतं. डॉक्टरबाय सांगते तो सल्ला असतो, आणि तो बाहेरच्या बाकावर बसून दोतोरांना विचारून मग घ्यायचा की नाही ते ठरवायचं असतं. मी कुडाळकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा फॅमिली मेडिसिनचं शिक्षण पुरं करून आले होते. ते काय असतं, असं सासऱ्यांनी विचारलं. मी मोठ्या उत्साहाने समजावलं, की त्यात सगळ्या कुटुंबाकडे मिळून बघायचं असतं; माणसाचं घर, खाणं, भांडणं, सगळं ध्यानात घेऊन उपचार करायचे असतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मी करतो तेच. त्याला आता सर्टिफिकेट मिळतं?"

तर मुंबईच्या एका औषध कंपनीला रक्तदाबाची नवी गोळी जुन्या गोळीशी तोलून बघायची होती. मोठ्या हॉस्पिटलातले पेशंट त्यांना नको होते. ते म्हणे फार आजारी असतात. त्यांना गावच्या दवाखान्यात येणारे, बाकी सगळं ठणठणीत असलेले आजारी हवे होते. असे आजारी आमच्याकडे रग्गड. विज्ञानाच्या प्रगतीला साखळीचाही हात लागावा असं मला वाटलं. शिवाय रोज उठून सर्दी, खोकला आणि अंगदुखी बघून मी कंटाळले होते. अर्जात मी फक्त पहिलं कारण लिहिलं.

मग सामान यायला लागलं. दोन कुलपांचं लोखंडी कपाट आलं. त्या कपाटातल्या गोळ्यांना गरम होतं की काय ते बघायला एक थर्मामीटर आला. आमच्या पेशंटांना बाहेर पत्र्याखाली बसून गरम होत होतं, पण त्यांच्यासाठी कंपनीने काही पाठवलं नव्हतं. सगळं नीट चाललंय ना हे तपासायला मधून मधून मुंबईहून एक मॉनिटर यायची. तरुण, हुशार, स्वभावाने गरीब मुलगी. पहिल्याच फेरीत ती चुकून दोतोरांच्या खोलीत गेली आणि तिला मेजावर बिस्किटांच्या डब्यात सुट्या गोळ्या भरून ठेवलेल्या दिसल्या. तिचा चेहरा उतरला. दोतोरांना वाटलं पोरीला भूक लागली असेल. त्यांनी दुसरा डबा उघडून पुढे केला. त्यात बिस्किटं होती, पण तिने ती घेतली नाहीत.

पेशंटांनी वाचून सही करायचं संमतीपत्र मराठीत होतं. कुठल्या मराठीत, ते कंपनीलाच ठाऊक. गोळी कुणाला कुठली मिळते हे ना पेशंटला कळणार ना डॉक्टरला, एवढीच गोष्ट सांगायला त्यात 'द्विअंध पद्धत' असा शब्द घातला होता. एका शिक्षकाने तो वाचला, चष्मा काढला आणि दोन्ही डोळे जातात की एकच, ते विचारलं. मी त्याला समजावलं. तो समजला, पण सही न करताच गेला. दुसरा शब्द होता 'यादृच्छिक वाटप'. तो मात्र सोपा गेला. मी एवढंच सांगायची की लॉटरी आहे, जी चिठी निघेल ती गोळी. गोव्यात लॉटरी आणि मटका समजावून सांगायला डॉक्टर लागत नाही.

पाळी गावचे काका आणि काकी आले ते असे लॉटरीचं ऐकून. दोघंही दोडामार्गाकडची, काका खाणीवर टिप्पर चालवायला आले ते पाळीलाच राहिले. खाणी बंद पडल्या तेव्हा कंपनीने त्यांना घरी बसवलं, आणि घरी बसल्यावर त्यांना प्रेशर झालं. काकींना ते आधीपासूनच होतं. दोघांनाही दोतोरांची अर्धी अर्धी गोळी चालू होती. काकी माझ्या माहेरच्या बोलीत बोलायच्या, म्हणून मला त्यांचा जरा जास्तच लळा होता.

काकींच्या प्रेशरबद्दल मला माझ्या पुस्तकांतून कधी कळलं नसतं असं बरंच काही त्या घराकडे बघून कळत होतं. ते घर त्या प्रेशरवर चालायचं. काका दारू पीत नव्हते, कारण काकीचं प्रेशर वाढेल. बाजारातून मासळी तेच आणायचे, कारण काकी उन्हातून गेली तर प्रेशर वाढेल. दोडामार्गाचे नातेवाईक लग्नकार्यात रांधायला काकींना बोलवत नव्हते. त्यांचा एकुलता मुलगा तिकडे समुद्रकाठच्या हरमलला खोल्या घेऊन त्या टुरिस्टांना भाड्याने द्यायचा. त्याला इतक्यात लग्न करायचं नव्हतं, पण तसं आईला तोंडावर सांगायची त्याची छाती नव्हती. मुलगी बघायला हो म्हणायचा आणि मग पत्रिकेत खोट काढायचा. अर्ध्या गोळीने एवढं काम केलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

ट्रायलमध्ये घ्यायचं तर नियम होता. जुनी गोळी माझ्या देखरेखीखाली काही आठवडे थांबवायची, मग दंडाला पट्टा आणि कमरेला डबा बांधून पेशंटला घरी पाठवायचं. तो डबा रात्रंदिवस, थोड्या थोड्या वेळाने, आपोआप प्रेशर मोजतो. पट्टा आवळायला लागला की हात सोडून गप्प उभं राहायचं. काकांनी डबा बांधून घेतला आणि रोजच्यासारखे हिंडले. काकींनी मात्र तो डबा देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखा सांभाळला. काकांनी नंतर मला सांगितलं, की पट्टा घुरघुरला की काकी हातातली विळी बाजूला ठेवून डोळे मिटून उभ्या राहायच्या, आणि घरात कुणी बोलायचं नाही. शेजारणीसुद्धा कुंपणापाशी थांबून राहायच्या.

रिपोर्ट आले. काकांचं प्रेशर होतं, चांगलं कंपनीला आवडेल असं. काकींचं नव्हतं. दिवसा नाही, रात्री नाही, कधीच नाही. मी डबा बदलून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. दवाखान्यात दोतोरांसमोर बसलं की काकींचा आकडा वर जायचा. घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं की खाली यायचा. वैद्यकात याला पांढऱ्या कोटाचं प्रेशर म्हणतात. डॉक्टर बघून येतं आणि डॉक्टर दिसेनासा झाला की जातं. त्याच्यावर नजर ठेवायची असते, गोळी लागत नाही.

हे सासऱ्यांना कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. मी जेवणं झाल्यावर, हवापाण्यावर बोलल्यासारखं करून सांगितलं. 

"पांढऱ्या कोटाचं?" ते म्हणाले. "पण मी कोट घालतच नाही."

ते खरं होतं. ते आयुष्यभर बुशशर्टात बसले. बाबा, तुम्ही जन्मतःच कोट आहात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ट्रायल चालू होती आणि कपाट त्यांच्या जागेत होतं.

काकींना मी स्वतः सांगितलं. मला वाटलं, चांगली बातमी आहे. डॉक्टरच्या धंद्यात चांगली बातमी द्यायचा योग फार येत नाही, त्यामुळे मी ती जरा रंगवूनच दिली. काकी, तुम्हाला प्रेशर नाही, मशीनने दोनदा बघितलं, गोळी नको, ट्रायलमध्येही तुम्हाला घेता येणार नाही, कारण तुम्ही निरोगी आहात.  काकींनी विचारलं, ट्रायलमध्ये घेतलेल्यांत कोण कोण आहे. मी नावं सांगू शकत नव्हते, पण काका आहेत हे त्यांना दिसतच होतं. ते शेजारीच बसून हसू दाबत होते. काकी उठल्या आणि पदर सावरून बाहेर गेल्या. बसस्टॉपपर्यंत त्या काकांच्या चार पावलं पुढे चालत होत्या, असं आमच्या फार्मसीवाल्याने पाहिलं.

काकांचं नशीब मात्र उघडलं. त्यांना नंबर मिळाला, ओळखपत्रासारखं एक कार्ड मिळालं, गोळ्यांची पेटी मिळाली. ठरल्या दिवशी यायचं, इसीजी काढायचा, रक्त द्यायचं, मग चहा. मॉनिटर आली की त्यांच्याशी अदबीने बोलायची आणि त्यांना काही त्रास होतो का ते विचारायची. कंपनीतल्या कुणी त्यांना हे आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असावं. त्या दिवसांत ते पाळीला सगळ्यांना सांगत हिंडायचे, "कंपनीन माका परत घेतल्यान." मी एकदा त्यांना म्हटलं की ही ती कंपनी नव्हे. ते म्हणाले, ते त्यांना कळतं, पण कंपनी ती कंपनी.

इकडे काकींचं जे व्हायचं ते होत गेलं. प्रेशर नाही ही बातमी दोडामार्गापर्यंत गेली आणि लगेच एका पुतणीच्या लग्नाचं रांधप त्यांच्या गळ्यात पडलं. काकांनी मासळी आणणं कमी केलं. आपण आता ट्रायलमधले पेशंट, आपल्याला ऊन बाधेल, असं त्यांचं म्हणणं. मुलगा हरमलहून आला आणि पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला की त्याला आत्ता लग्न नको. काकी रागावल्या तर कुणी घाबरेना. मग त्याने पुढची गोष्ट काढली. त्याच्या खोल्यांतले पाहुणे रोज किनाऱ्यावरच्या शॅकचं खाऊन कंटाळतात आणि घरचं जेवण मागतात. सीझनपुरती आईने हरमलला येऊन रांधावं. पूर्वी त्याने हे विचारलंही नसतं. आता विचारायला काय अडचण?

काकी एका सकाळी दवाखान्यात आल्या. नंबर लावला नाही, सरळ माझ्या खोलीत येऊन कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसल्या. मला वाटलं छातीत दुखत असेल.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "माझा प्रेशर माका परत दी."

मी म्हटलं, काकी, ते मी घेतलेलं नाही, ते नव्हतंच.

"नव्हताच? इतकी वर्सा असलेला, ता खय गेला? दोतोरांनी दिलेला, तू काढून घेतलंस."

मी त्यांना पुन्हा एकदा सगळं समजावलं. कोटाचं, घरचं, रात्रीचं. आपल्याला किती शांतपणे समजावता येतं याचं मला त्या वेळी कौतुकही वाटत होतं. काकी ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, की मशीनला मी बरी दिसले ते मी घरी होते म्हणून. आणि घर तसं शांत होतं ते मला प्रेशर होतं म्हणून. मग आता काय? याचं उत्तर माझ्या फॅमिली मेडिसिनमध्ये असायला हवं होतं. मी मीठ कमी खा म्हटलं.

त्या माझ्याकडून उठल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या. काही वेळाने तिकडून समाधानाने बाहेर पडल्या. हातात दोतोरांच्या अक्षरातली चिठी होती. औषध कुठलंच नव्हतं. लिहिलं होतं, की रुग्णास समुद्राची खारी हवा मानवणार नाही.

मी सासऱ्यांना विचारलं, की हे कुठल्या पुस्तकात आहे. ते म्हणाले, तुझं पुस्तक तिला निरोगी म्हणतं ना. मग निरोगी बाईने कुठली हवा घ्यायची ते तिचं तिला ठरवू दे, मी फक्त लेटरहेड दिलं. मला राग आला. विज्ञान एका भिंतीच्या अलीकडे आणि खारी हवा पलीकडे, असा दवाखाना कसा चालायचा? मी तसं बोललेही. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला.

दोन दिवसांनी मुलगा आईला घेऊन आला. एका हातात माझा रिपोर्ट, दुसऱ्या हातात दोतोरांची चिठी. त्याने दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवून विचारलं, यातलं खरं कुठलं. काकी माझ्याकडे बघत होत्या. पलीकडे सासरे पेपर वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते.

मी म्हटलं, "रिपोर्ट खरा आहे. काकींना प्रेशर नाही. पण प्रेशर नाही म्हणून हरमलला जायलाच हवं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते तू मला विचारू नको, त्यांना विचार."

त्याने कधी आईला काही विचारलं नसावं. तो गोंधळला. काकींनी दोन्ही कागद घडी करून आपल्या पिशवीत टाकले आणि त्याला म्हणाल्या, "मी येतलंय. पण रांदपाचा माका कोणी शिकवू नको."

अशा रीतीने वैद्यकशास्त्राने एका बाईला निरोगी ठरवून कामाला लावलं. मला त्या दिवशी जरा खिन्न वाटलं, पण ट्रायलचे कागद इतके होते की खिन्नतेला वेळ काढता आला नाही.

काकी हरमलला गेल्यावर काकांचं प्रेशर चढायला लागलं. कंपनीची गोळी तीच, वेळ तीच, पण घरी आता मीठ मोजणारं कुणी नव्हतं. सकाळी पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, उंडा आणि लोणचं, दुपारी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, रात्री पुन्हा बांगडा. संध्याकाळी अधूनमधून थोडी फेणी. ती त्यांनी माझ्यापासून लपवली, पण वासाला द्विअंध पद्धत लागू होत नाही. मॉनिटरने लॅपटॉप उघडून मला विचारलं, की पेशंटच्या आयुष्यात अलीकडे काही बदल झालाय का. मी म्हटलं, बायको हरमलला गेली. तिने बराच वेळ यादीत शोधलं. गोळी बदलली, आजार झाला, व्यायाम सुरू केला, हे सगळं यादीत होतं. बायको नव्हती. तिने बिचारीने 'आहारातील बदल' असं टाकलं. सगळं ध्यानात घेतलं तर ते फारसं चूकही नव्हतं.

पुढच्या भेटीला काका आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लागेना. कंपनीचे मेल यायला लागले, आधी विनंतीचे, मग काळजीचे, मग नुसतेच लाल अक्षरांतले. पेशंट हरवणं हे ट्रायलमध्ये पेशंट मरण्यापेक्षा किंचित वाईट समजतात, कारण मेलेल्याचं निदान काय झालं ते कळतं. शेवटी पाळीच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, की काका गोळ्यांची पेटी घेऊन हरमलला गेलेत.

एका रविवारी मी गाडी काढली. सासरे आधीच पुढच्या सीटवर बसलेले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. डिचोली, म्हापसा, कोलवाळचा पूल, पेडणे, आणि मग भाड्याच्या स्कूटरवरून उघड्या अंगाने आडवेतिडवे जाणारे पाहुणे. सासरे प्रत्येकाकडे बघून त्याला काय होणार आहे ते सांगत होते. याला सनस्ट्रोक. याला कावीळ. हा पडणार.

मुलाच्या खोल्या किनाऱ्यापासून जरा आत, माडांच्या खाली होत्या. मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून स्वयंपाकघर केलं होतं. तिथे काकी उभ्या होत्या, कंबर बांधून, आणि काका खाली बसून लसूण सोलत होते. समोरच्या बाकांवर परदेशी पाहुणे उकड्या तांदळाची पेज आणि खारातली कैरी असं खात होते, जसं काही त्यांना ते कुणी औषध म्हणून लिहून दिलंय. मुलगा ताटं नेत होता. काकी हातातल्या कालथ्याने त्याला दिशा दाखवत होत्या.

आम्हाला बघून काका ओशाळले. त्यांनी सांगितलं, की हरमलहून साखळीला यायचं म्हणजे बस बदलत अर्धा दिवस जातो, आणि दुपारची गर्दी असते, काकी सोडत नाही. गोळी मात्र रोज घेतात. त्यांनी पेटी आणून दाखवली. मी त्यांचं प्रेशर बघितलं. उत्तम होतं. इथे मीठ काकींच्या हातात होतं आणि फेणी पाहुण्यांच्या.

मग सासरे काकींना म्हणाले, बस बघू, तुझंही बघू.

"कित्याक?" काकी म्हणाल्या. "माका नाय प्रेशर. मशीनान सांगितल्यान." आणि माझ्याकडे बघून हसल्या.

सासऱ्यांनी त्यांना बसायला लावलंच. मोजलं. मशीन माझ्याकडे दिलं. मी काकींना जरा शांत बसू दिलं आणि पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या हातावर मोजलं. आकडा वरच होता, आणि चांगला वर. मी मनात म्हटलं, सासरे समोर आहेत, त्यांचा तो न घातलेला कोट. म्हणून मी घरी मोजायचं एक मशीन काकांकडे ठेवलं, कसं मोजायचं ते दाखवलं आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, आम्ही कुणी नसताना, मोजून मला फोनवर सांगायला सांगितलं. काकांनी ते काम कंपनीचं असल्यासारखं केलं. आठवडाभर रोज दोन वेळा त्यांचा फोन यायचा आणि रोज आकडा वर असायचा. आता डॉक्टर नव्हता, कोट नव्हता. काकींना प्रेशर झालं होतं, खरंखुरं, पुस्तकातलं. पांढऱ्या कोटाचं प्रेशर कधी कधी असं खरं होऊन बसतं. हे मला माहीत होतं, म्हणून तर नजर ठेवायची असते, आणि ती मी ठेवली होती कंपनीच्या पेशंटवर, म्हणजे त्यांच्या नवऱ्यावर.

मी पुन्हा हरमलला गेले आणि शेडीच्या मागे, विहिरीपाशी, काकींना सांगितलं. या वेळी रंगवलं नाही. त्या ऐकून घेताना शेडीकडे बघत होत्या. तिकडून मुलगा काहीतरी विचारत होता.

"सीझन संपल्याशिवाय कोणाक सांगू नको हां," त्या हळू म्हणाल्या.

मी विचारलं, का. मागे तर तुम्हाला हवं होतं. काकींनी मला समजावलं, आणि मी जसं त्यांना समजावायची तशाच धीराने. त्यांना इथलं काम आवडलं होतं. सकाळी माशांच्या लिलावात त्या स्वतः बोली लावून यायच्या. पाहुणे त्यांना विचारून जेवायला बसायचे. काकांना ठाऊकच होतं, पण मुलाला कळलं तर तो चूल काढून घेईल, आणि पाळीच्या घरात पुन्हा विळी बाजूला ठेवून उभं राहावं लागेल. मी म्हटलं, गोळी आजपासून घ्यायची, त्यात तडजोड नाही. सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, माझ्या तोंडून काही जाणार नाही. त्यांनी गोळी माझ्यासमोरच घेतली आणि आत गेल्या. थोड्या वेळाने मुलगा मला चहा द्यायला आला आणि आई बरी आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार. आता त्याला ती सवय झाली होती. त्याने जाऊन विचारलं. बरी असंय, असं आतून ऐकू आलं.

सासऱ्यांनी पहिला आकडा स्वतःच मोजला होता; आठवड्याचे आकडे माझ्या वहीत दिसले तेव्हा त्यांनी माझी कीव केली. हे जास्त लागलं. "मी चुकलो नव्हतो," ते म्हणाले. "मी लवकर होतो, एवढंच." यावर माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं सविस्तर, पुराव्यासकट. पण त्यांनी तोवर बुशशर्टाची बटणं लावली होती आणि पुढचा पेशंट आत आला होता.

गंमत अशी की काकी आता ट्रायलला पात्र झाल्या होत्या. वय बसत होतं, आकडा बसत होता. मी मॉनिटरला विचारलं. तिने सांगितलं की भरती बंद झालीय. आणि लवकरच तिने आणखी एक गोष्ट सांगितली, फोनवर, जरा ओशाळ्या आवाजात: कंपनी आमच्याकडचं केंद्रच बंद करतेय. गोळीत काही वाईट निघालं नव्हतं, पेशंटांना काही धोका नव्हता. व्यावसायिक कारणं होती. कुठली ते तिलाही सांगितलं नव्हतं. दोन कुलपांचं कपाट रिकामं करून चाव्या परत पाठवायच्या होत्या.

सगळ्यांना बोलावून मी त्यांच्या रोजच्या गोळ्या लावून दिल्या. काका हरमलहून मुद्दाम लवकर आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. केंद्र बंद होतंय असं मी सांगितल्यावर त्यांनी कार्ड खिशातून काढून मेजावर ठेवलं.

"परत बंद?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. काम बरोबर झालं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचं काम उत्तम होतं. मग त्यांना एवढंच हवं होतं, की आपल्याला कुठली गोळी होती, नवी की जुनी. ते मला ठाऊक नव्हतं. मी कंपनीला लिहिलं. मॉनिटरलाही लिहिलं, ती आता दुसऱ्या कंपनीत गेली होती. उत्तर आलेलं नाही. काका अजून विचारतात, पण हल्ली उत्तराची वाट बघत नाहीत. कार्ड मी त्यांना ठेवून घ्यायला सांगितलं. नियमात ते बसत नव्हतं.

पावसाळ्यात हरमलच्या खोल्या बंद झाल्या आणि काकी पाळीला आल्या. आल्या आल्या त्यांनी मुलाला प्रेशरचं सांगून टाकलं. वेळ त्यांनी बरोबर निवडली होती. पुढच्या सीझनचं बुकिंग घेऊन झालं होतं, आणि बुकिंग करणाऱ्यांनी जेवणाचं विचारूनच पैसे भरले होते. मुलगा घाबरला. आता आई लागणारच होती आणि आईला जपायचंही होतं. भांडी घासायला बाई, वाटण करायला मोठा ग्राइंडर, सोमवारी सुट्टी, आणि लसूण सोलायला काका कायमचे, एवढ्यावर मिटलं. लग्नाचा विषयही पुन्हा निघाला. मुलगा हो म्हणालाय. पत्रिका अजून जुळत नाहीत.

परवा काकी दवाखान्यात आल्या होत्या. या वेळी नंबर लावून बसल्या. आधी दोतोरांकडे मोजून घेतलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही आकडे जुळवून बघितले. माझ्याकडचा थोडा कमी आला. त्यांनी विचारलं, दोघांतला कुठला धरायचा. मी माझा सांगणार होते, पण त्या आधीच उठल्या होत्या. बाहेर टोपलीत बांगडे ठेवले होते आणि मांजर फिरत होतं.